पहिली वेलांटी

मे महिन्यात सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराच्या भिंती रात्री अकरापर्यंत हात लावू देत नाहीत. दिवसा पारा ४३ अंशांपर्यंत चढलेला असतो आणि दगडमातीच्या भिंती तो उन्हाळा रात्रभर सावकाश परत करत बसतात. जेवणं उरकली की मी अंथरुणाची वळकटी, पाण्याचा तांब्या आणि जुना लॅपटॉप घेऊन माळवदावर जाते. लॅपटॉप २००९ सालचा आहे. त्यावर आजचा ब्राउझर उघडायला गेलं तर पंखा घरघरतो आणि थोड्या वेळाने सगळंच गोठतं. टर्मिनल मात्र बोट उचलायच्या आत समोर येतं. त्या टर्मिनलात मी पुस्तकं वाचते.

टर्मिनल म्हणजे हुकूम टाइप करून संगणकाशी बोलायची जागा. तुम्ही अक्षरांत सांगायचं, त्याने अक्षरांतच उत्तर द्यायचं. इथे चित्र नाही, बटण नाही, कडेला काही हलत नाही. काळ्या पडद्यावर राखाडी-पांढऱ्या ओळी उमटतात आणि अगदी खाली, डाव्या कोपऱ्यात, एकावर एक दोन टिंबं थांबलेली असतात. 'लेस' नावाचा, गेली चाळीस वर्षं वापरात असलेला एक छोटा प्रोग्राम तिथे माझी वाट बघत असतो. इंग्रजीत त्या टिंबांना कोलन म्हणतात. मला तो पहिल्या दिवसापासून विसर्गच दिसतो. स्पेसबार दाबला की पुढचं पान, 'बी' दाबला की मागचं. तिरपी रेघ देऊन 'भाकरी' लिहिलं आणि एंटर मारला की पुस्तकातली भाकरी न् भाकरी उजळून दिसते. झोप आली तर 'एम' आणि 'ए' दाबून त्या ओळीवर खूण करायची, उठून पाणी प्यायचं आणि पुन्हा त्याच ओळीवर यायचं. काळ्या पडद्याचा उजेड एवढा मंद असतो की शेजारी निजलेल्या आईच्या तोंडावरही तो पडत नाही.

ई-पुस्तक आतून कसं असतं, तेही मला टर्मिनलानेच दाखवलं. ईपब म्हणून जी फाइल आपण मोबाइलवर उघडतो, ती खरं तर एक गाठोडं आहे, साधी झिप फाइल. ते सोडलं की आत प्रकरणांच्या वेगवेगळ्या फाइली निघतात, कोणतं प्रकरण कशानंतर हे सांगणारी एक यादी निघते आणि मुखपृष्ठाचं चित्र निघतं. मी लहानपणी आजीचं ट्रंकेतलं गाठोडं सोडून बसायची, तसं वाटलं होतं ते पहिल्यांदा. मग 'पॅनडॉक' हाताशी आला. बर्कलीला तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ मध्ये लिहिलेला हा प्रोग्राम पुस्तकाला त्याच्या सगळ्या सजावटीतून मोकळं करतो आणि तरी त्याची घडी मोडत नाही. मथळा वेगळा राहतो, दोन परिच्छेदांत रिकामी ओळ राहते, तिरप्या ठशातला शब्द दोन अधोरेघांमध्ये धरून ठेवलेला असतो, तळटीपा शेवटी गोळा होतात. उरतं ते लिहिणाऱ्याचं. मला तेवढंच हवं असतं.

पहिल्यांदा 'श्यामची आई' उघडलं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे २०११ पासून त्यांची पुस्तकं सर्वांची झाली आहेत. फाइल मिळवली, पॅनडॉकमधून काढली आणि लॅपटॉपबरोबर आलेल्या साध्या टर्मिनलात ती लावली.

पान वाचवेना. अक्षरं मराठीच होती, पण जागच्या जागी एकही नव्हतं. 'किती'मधली पहिली वेलांटी 'क'च्या आधी हवी ती 'क'नंतर येऊन पुढच्या 'त'वर रेलली होती. 'वर्ष'मधला रफार 'ष'च्या डोक्यावरून उतरला होता आणि त्याच्या जागी पाय मोडलेला एक 'र' उभा होता. 'वाऱ्यावर'मधला तो कोयरीसारखा अर्धा 'र', ज्याची हिंदीला गरजच पडत नाही, तो तर पार उसवून गेला होता. शिरोरेषा दर अक्षरामागे तुटलेली. गावातली ओळखीची माणसं अनोळखी कपडे घालून रांगेत उभी करावीत तसं ते पान दिसत होतं. मी लॅपटॉप मिटला आणि त्या रात्री मला अण्णांचा ग्राफपेपर आठवला.

माझे वडील, अण्णा, चादरींची डिझाइनं करायचे. रोज सकाळी पेठेतून सायकल काढून ते अशोक चौकाकडच्या कारखान्यात जायचे. सोलापुरी चादर घरोघर आहे, पण त्यावरचा मोर कापडात येतो कसा हे फार थोड्यांनी पाहिलं असेल. तो आधी ग्राफपेपरवर उतरतो. एक चौकोन म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याची एक गाठभेट. अण्णा बारीक ब्रशने चौकोन भरत जायचे. मोराची मान गोल असते आणि कागदावर गोल काहीच नसतं, म्हणून ती मान पायरी-पायरीने वळवावी लागे. एक चौकोन कमी की मान मोडली, एक जास्त की सुजली. मग त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. कार्डं दोऱ्याने एकमेकांना ओवून मागाच्या माथ्यावरच्या जॅकार्डला चढवायची. भोक असेल तिथे सुई आरपार जाते, तिच्याबरोबरचा आकडा जागेवर राहतो आणि उभा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे कार्ड सुईला मागे ढकलतं आणि धागा खालीच राहतो. खालून आडवा धागा घेऊन धोटा पळतो. एका कार्डाला एक आडवा धागा, अशी शेकडो कार्डं फिरली की एक मोर.

हे यंत्र जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ मध्ये फ्रान्समधल्या लिआँला उभं केलं. पुढे चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणितयंत्राला हुकूम देण्यासाठी हीच भोकांची कार्डं योजली. १८९० ची अमेरिकेची जनगणना हर्मन होलेरिथ यांच्या यंत्रांनी भोकांच्या कार्डांवरूनच मोजली. १९२८ मध्ये आयबीएमने ८० रकान्यांचं कार्ड आणलं, एका रकान्यात एक अक्षर. संगणकाला पडदे आले, कार्डं गेली, पण ओळ ८० अक्षरांचीच राहिली. १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनलवर ८० रकाने आणि २४ ओळी होत्या. माझ्या लॅपटॉपवर टर्मिनल उघडलं की तेही ८० बाय २४ चंच उघडतं. अण्णांना मी हे कधी सांगू शकले नाही. मला कळलं तोवर ते राहिले नव्हते. ज्या चौकटीवर त्यांनी चाळीस वर्षं मोर बसवले, तिच्याच नात्यातल्या चौकटीवर त्यांची मुलगी रात्री पुस्तकं वाचते, हे ऐकून ते चष्मा कपाळावर घेऊन नक्की दोन मिनिटं गप्प बसले असते.

त्या न वाचवणाऱ्या पानाची अडचणही हीच चौकट होती. टर्मिनलाचा प्रत्येक चौकोन एका अक्षरासाठी आखलेला आहे आणि रोमन लिपी त्यात बिनबोभाट बसते. आपली लिपी तशी नाही. ती शिरोरेषेला टांगलेली, शेजाऱ्याच्या अंगणात पाय टाकणारी लिपी. 'क्ष' हे वाचताना एक, पण आत ते क, हलन्ताची खूण आणि ष असं तीन तुकड्यांचं असतं. त्याला चौकोन द्यायचे किती? एक दिला तर गर्दी, दोन दिले तर मध्ये फट. मोराच्या मानेसारखंच हे प्रकरण. बसवून घ्यावं लागतं.

आणि पहिली वेलांटी. तिच्यावर मी बरेच दिवस विचार केला. हाताने लिहिताना आपण 'कि' लिहितो तेव्हा वेलांटी डावीकडे असते. डोळ्याला ती आधी भेटते. पण तोंड? तोंड आधी 'क' म्हणतं, मगच 'इ' येते. १९९१ मध्ये सगळ्या लिपींसाठी एकच प्रमाण असलेलं युनिकोड आलं, त्यात देवनागरीचा क्रम आपल्याकडच्या इस्की या प्रमाण पद्धतीवरून घेतला गेला, आणि त्या क्रमात वेलांटी अक्षराच्या नंतर साठवली जाते. म्हणजे संगणकाच्या पोटात मराठी बोलण्याच्या क्रमाने असते. ती डोळ्याच्या क्रमात आणून दाखवणं हे फाँटचं आणि पडद्याचं काम. माझं पहिलं टर्मिनल ते काम करत नव्हतं, म्हणून त्याने मला पोटातलं जसंच्या तसं दाखवलं. जे मला बिघडलेलं वाटलं, तो खरा आवाजाचा क्रम होता. हे ध्यानात आल्यावर त्या विस्कटलेल्या पानाचा राग गेला.

राग गेला तरी वाचता येत नव्हतंच. केडीई या डेस्कटॉपबरोबर येणारं 'कॉन्सोल' हे टर्मिनल लावून पाहिलं, त्याला देवनागरीची जोडाक्षरं बांधता येतात. 'लोहित' फाँट टाकला. वेलांटी जागेवर गेली, रफार वर चढला. मग ओळी तुटायला लागल्या. ओळी ठरावीक लांबीवर दुमडायला 'फोल्ड' नावाची एक जुनी सोय आहे. तिला ८० सांगितलं तर ओळ तिसाच्या आसपास अक्षरांतच खाली पडायची आणि कुठे कुठे एखादं अक्षर मधोमध चिरलं जाऊन काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उरायचं. कारण सापडलं ते असं: ती अक्षरं मोजत नव्हती, बाइट मोजत होती. केन थॉम्प्सन यांनी १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, समोर रॉब पाइक बसलेले असताना, ताटाखालच्या कागदावर यूटीएफ-८ ची, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीची, मांडणी केली. जगातल्या सगळ्या लिपी तिच्यातून जातात, ही तिची थोरवी. तिच्यात रोमन अक्षराला एक बाइट लागतो आणि आपल्या प्रत्येक चिन्हाला तीन. बाइट मोजून कापणाऱ्या कात्रीला मराठी शब्द कुठे संपतो हे कळायचं कारणच नव्हतं. फोल्ड सोडून दिला. पॅनडॉकलाच ६४ ची ओळ सांगितली. तो शब्द ओळखून, रिकाम्या जागी मोडतो. त्या रात्री 'श्यामची आई' पहिल्या पानापासून सलग वाचलं. किती वाजले होते ते आठवत नाही, पण तोवर भिंती थंड झाल्या होत्या.

यानंतर माझी हाव वाढली. अण्णांची पुस्तिका टर्मिनलात वाचायची.

अण्णांनी निवृत्तीनंतर, १९९८ मध्ये, आपल्या आठवणी ६४ पानांत लिहून काढल्या होत्या. गिरण्यांचे भोंगे, कारखान्यातली माणसं, एका मागावर मराठी, दुसऱ्यावर तेलुगू, दारात कानडी आणि चहाच्या टपरीवर दखनी, गड्ड्याच्या जत्रेत सिद्धेश्वराचे सातही नंदीध्वज निघतात तेव्हा रस्त्याच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं, असं सगळं. दोनशे प्रती छापून त्यांनी त्या नातलगांत वाटल्या. आता आमच्याकडे दोनच उरल्यात, त्यातल्या एकीला वाळवीने धरलं होतं. पण ज्या दुकानात पुस्तिकेची अक्षरजुळणी झाली होती तिथून मिळालेली एक सीडी कपाटात होती आणि तिच्यात पीडीएफ होती. मी निर्धास्त होते. पीडीएफ आहे म्हणजे पुस्तक आहे.

टर्मिनलात तिच्यातला मजकूर काढायला सांगितला. आलं काय, तर रोमन अक्षरं, स्वल्पविराम, डॉलरची खूण, कंस, पुन्हा रोमन अक्षरं. ६४ पानं अशीच. त्या काळच्या मराठी फाँटांत मराठी नसायचंच. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रं बसवलेली असायची. छापून आलं की डोळ्याला मराठी दिसायचं, पण यंत्राच्या लेखी ती निरर्थक रोमन अक्षरंच. गंमत म्हणजे त्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधीच साठवलेली होती, डोळ्याच्या क्रमाने. पीडीएफमध्ये 'भोंगा' शोधला. एकही सापडला नाही. ज्या पुस्तिकेचं पहिलं पान भोंग्याने सुरू होतं, तिच्यात भोंगा नाही, असं यंत्र मला शांतपणे सांगत होतं. अण्णांचं सगळं लिहिणं चित्र होऊन पडलं होतं आणि वीस वर्षं आमच्यातल्या कोणालाच ते माहीत नव्हतं.

जुने फाँट युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्राम मिळतात. मी दोन लावून पाहिले. निम्मी जोडाक्षरं भलतीच झाली आणि नंतर तपासत बसण्यापेक्षा पुन्हा टाइप करणं बरं, असं वाटलं. वाळवी न लागलेली प्रत समोर उभी केली आणि इनस्क्रिप्टच्या कळफलकावर बसले. इनस्क्रिप्टमध्येही आधी अक्षर, मग वेलांटी. रात्री एक पान, कधी दोन. टाइप करताना अण्णा कसे बोलायचे ते बोटांतून यायला लागलं. त्यांचं वाक्य मध्येच थांबून, श्वास घेऊन पुढे जायचं. वाचताना हे मला कधी जाणवलं नव्हतं. अडीच महिन्यांत ६४ पानं झाली. फाइल भरली ३४० केबी. मोबाइलवरच्या एका फोटोतही याहून जास्त मावतं.

मग ती मी टर्मिनलात तीन वेळा वाचून तपासली. चुका काढल्या. आता निर्दोष आहे, असं स्वतःला सांगितलं.

आईच्या डोळ्यांना मधलं दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं. माणूस ओळखते, पण त्याच्या तोंडाकडे न बघता शेजारच्या भिंतीकडे बघून. छापलेलं वाचणं सुटून सहा वर्षं झाली. टर्मिनलातला मजकूर दुसऱ्या प्रोग्रामच्या हाती देणं फार सोपं असतं, एका नळाचं पाणी दुसऱ्या भांड्यात सोडावं इतकं. मी अण्णांचा मजकूर 'ई-स्पीक'कडे सोडला. त्याला मराठी बोलता येतं. आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा आहे, त्यात चढ-उतार फार नाही. माळवदावर, अंधारात, तो बोलायला लागला.

"कोण बोलायलंय गं?" आई उठून बसली.

"मशीन आहे, आई. अण्णांचं वाचायलंय."

ती काही बोलली नाही. पदर सारखा केला, जसा कोणी घरात आल्यावर करते. तीन पानं झाली, चार झाली. कारखान्याचं प्रकरण सुरू होतं. एकाएकी तिने हात वर केला.

"थांबीव ते. घोटा नाही गं, धोटा. घोटा पायाला असतो."

मी ओळ मागे घेतली. पडद्यावर 'घोटा' होता. मी टाइप करताना 'ध'चा 'घ' केला होता आणि तीन वेळा वाचूनही माझ्या डोळ्यांनी तो मला दाखवला नव्हता. डोळा पुढचं-मागचं बघून स्वतःच दुरुस्त करून घेतो. तिच्या कानाने तो एका झटक्यात धरला. त्या रात्री तिने अशा सात चुका काढल्या. दोन ठिकाणी तर मी छापील प्रतीप्रमाणे बरोबर लिहिलं होतं. चूक त्या वेळच्या जुळणाऱ्याची होती आणि ती १९९८ पासून तशीच चालत आली होती. एका तेलुगू शब्दाचा उच्चार अण्णा कसा करायचे, ते फक्त तिलाच ठाऊक होतं. ती म्हणाली तसं मी लिहिलं.

तेव्हापासून उन्हाळ्यात आमचं असं चालतं. एकच फाइल, मी डोळ्यांनी वाचते, आई कानांनी. तिला ऐकवताना मी कधी कधी मुद्दाम ते पहिलं, वेलांट्या विस्कटलेलं टर्मिनल उघडते आणि आवाजाबरोबर ओळ धरून बघते. त्या विस्कटलेल्या ओळीतली अक्षरं आणि माळवदावरचा आवाज एकाच क्रमाने पुढे सरकत असतात.

मराठी विकिस्रोतावर असं काम रोज चाललेलं असतं. जुन्या, हक्क संपलेल्या पुस्तकाचं पान एका बाजूला चित्र म्हणून दिसतं, दुसऱ्या बाजूला त्याचा मजकूर. एकाने ताडून पाहिला की पान पिवळं होतं, दुसऱ्याने पुन्हा पाहिला की हिरवं. मीही आता अधूनमधून एखादं पान करते. एका पानाला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पण तिथे जाणारी पुस्तकं नामवंतांची असतात. अण्णांच्या पुस्तिकेसारख्या, दोनशे प्रतींच्या, १९९० च्या दशकात गावोगावच्या दुकानांत जुळवलेल्या पुस्तिका घरोघर कपाटांत आहेत. कोणाच्या वडिलांच्या आठवणी, कोणाच्या आजीच्या ओव्या, एखाद्या तालमीचा इतिहास. त्यांची पीडीएफ तुमच्याकडे असेल तर आज रात्री ती उघडा आणि तिच्यात एक शब्द शोधून बघा, जो तिच्यात आहे हे तुम्हाला नक्की माहीत आहे. नाही सापडला तर टाइप करायला बसा. आणि झालेली पानं घरातल्या त्या म्हाताऱ्या माणसाला ऐकवा, ज्याने लिहिणाऱ्याचा आवाज ऐकलेला आहे. आमची आई ८१ वर्षांची आहे.